वरचा घाट, खालचा घाट



‘पर्यावरण’ हा शब्द अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडतो की, तो उच्चारताच ऐकणारा सावध होण्याऐवजी जांभई देऊ लागतो. शाळेत ‘सदाचार’ या शब्दाची हीच अवस्था झालेली मी पुष्कळ वर्षे पाहिली आहे. म्हणून आज तो शब्द शक्यतो बाजूस ठेवून कृष्णा नदी व तिच्या खोऱ्यातील आपली घरे यांविषयीच बोलावे असे योजिले आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. त्रैराशिकाने जेवढे सांगता येईल तेवढे सांगेन.

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावते. वाईचे घाट मागे टाकून ती माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला मिठी मारते, आणि औदुंबर, भिलवडीवरून सांगलीस येऊन हरिपुराजवळ वारणेस पोटात घेते. या वाटेवर आज सातारा व सांगली असे दोन जिल्हे आहेत. तासगाव, वाळवे, खानापूर, शिराळे हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असत. 1949 साली हे तालुके व विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. माणसांनी नकाशावर रेघ ओढली. नदीस ती अद्याप दिसलेली नाही. वाईकराने घाटावर जे धुतले ते कऱ्हाडकराच्या घाटावरून जाते, आणि कऱ्हाडकराने सोडलेले सांगलीकरास मिळते. आपण प्रत्येकजण कोणाच्या तरी खालचे आहोत, व कोणाच्या तरी वरचेही आहोत. यांपैकी पहिली गोष्ट आपल्या चांगली ध्यानात राहते; दुसरी मात्र सोयीस्करपणे विसरली जाते.

प्रथम घरातील नळ घेऊ. गळणाऱ्या नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवावा व घड्याळ पाहावे. तो तासाभरात भरला, तर दिवसाकाठी 24 लिटर व वर्षाकाठी 8,760 लिटर पाणी गेले. टंचाईच्या काळी टँकरवर जगणाऱ्या खेड्यात सरकारी मापाने माणशी दिवसास 20 लिटर पाणी धरतात. म्हणजे साताऱ्यास किंवा सांगलीस एका घरचा नळ दुरुस्त न केल्यामुळे जे मोरीत जाते, तेवढ्यात माण, आटपाडी अथवा जतकडील एका माणसाचे पिणे, रांधणे व धुणे भागवावे लागते, आणि वर चार लिटर उरतात! एकट्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरास साधारण वर्षी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व दहिवडी-म्हसवडकडे पुष्कळदा पाचशेही पुरता पडत नाही. नळाचे चामडे किंवा वायसर अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो बसविण्यास माणूस मिळत नाही ही तक्रार खरी आहे, परंतु पान्हा धरावयास शिकणे हे काही वेदाध्ययन नव्हे.

आपल्या जुन्या घरांतून पाहुण्यापुढे तांब्या-भांडे ठेवण्याची रीत होती. ज्याला जेवढी तहान, तेवढे त्याने ओतून घ्यावे. आता भरलेले पेले तबकातून येतात. पाहुणा शिष्टाचार म्हणून एक घोट घेतो व उरलेले मोरीत जाते. लग्नसमारंभात याचीच मोठी आवृत्ती पाहावयास मिळते. तेथे पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या वाटतात, आणि अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा ढीग मांडवामागे पडतो. तांब्या-भांड्याची रीत पुन्हा सुरू करावयास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मी ज्या शाळेत होतो तेथे मुलांच्या हात धुण्याच्या जागेपासून एक चर खणून ते पाणी केळीच्या आळ्यांत सोडले होते. केळी किती आल्या हे विचारू नका, कारण त्या पिकण्यापूर्वीच मुले त्यांचा हिशेब चुकता करीत. तथापि शाळेपुढील चिखल नाहीसा झाला.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, शहराचे सांडपाणी नदीत जाते, कारखान्यांची मळी जाते, आणि तुम्ही आम्हांस पेले मोजावयास सांगता!” हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. सांगलीचा शेरी नाला वर्षानुवर्षे कृष्णेस मिळत आला, हे सांगलीकरांस मी सांगावयास नको. तेथे शुद्धीकरणाची यंत्रणाच पाहिजे. घराघरांतील काटकसरीने तो नाला शुद्ध होणार नाही. कारखान्याने नियम मोडल्यास कायद्याने त्याचा कान धरावा. आपण आपली बादली जपून वापरली म्हणून त्याचा अपराध हलका होत नाही. परंतु नाल्यात वाहून येणाऱ्या पिशव्या, निर्माल्य व फुटक्या मूर्ती कोणत्या कारखान्यात होतात? राज्यात 2018 साली पातळ पिशव्यांवर बंदी आली. बाजारात मात्र भाजीवाल्याकडे आपणच हात पुढे करून पिशवी मागतो. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. तो पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींवर ज्या चिंध्या लोंबत होत्या, त्यांत प्लॅस्टिकच किती तरी होते. तो माल कोणा परक्याने आणून टाकला नव्हता.

या बाबतीत आपल्याकडे एक थोर उदाहरण आहे. गाडगेमहाराज गावात शिरले की प्रथम खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नावाने 2000 साली जे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, ते सुरू करणारे मंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे. बक्षिसाच्या ओढीने गावेच्या गावे झाडून निघाली, आणि त्यातून पुष्कळ चांगले घडले. पण माझे स्पष्ट मत असे की, परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी व तपासणीपुरते झाडणारे गाव यांत फारसा फरक नाही. महाराजांस कोणी गुण देत नव्हते.

एकट्याने धरलेली सवय सुटते. शेजार मिळाला तर ती टिकते. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळी सातास भोंगा वाजू लागला, आणि दीड तासपर्यंत घरोघर दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात पडला. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. विजेची बचत हे त्याचे आनुषंगिक फळ, पण मला त्याचे मोल निराळ्या कारणासाठी वाटते. तिन्हीसांजेपासून घरोघरची विजेची ओढ वाढते, आणि या वेळी जलविद्युत केंद्रांवर भार पडतो. कोयनेचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीकडे उतरून वीज निर्माण करते व पुढे वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास जाते. बच्छावत लवादाने त्यास वर्षाकाठी 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. हे पाणी पुन्हा कृष्णेस मिळावयाचे नाही. माझ्या घरच्या दिव्यात कोयनेचा अंश किती, हे कोणी मोजून देणार नाही, कारण विजेचे जाळे साऱ्या राज्याचे आहे. तथापि 2023 सालच्या तुटपुंज्या पावसानंतर सांगलीसाठी कोयनेतून पाणी केव्हा व किती सोडावे यावरून या दोन जिल्ह्यांत केवढा वाद माजला, हे आपणांस स्मरत असेल. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करणारा मनुष्य त्या वादात आपल्या वाटणीचे काही तरी करतो, असे मी समजतो.

शेतीकडे वळल्यावाचून या विषयास न्याय मिळणार नाही, कारण आपल्याकडील पाण्याचा मोठा वाटा शेतीतच जातो. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधविली. खोली सुमारे 110 फूट व व्यास 50 फूट. बारा मोटा एकदम चालत, म्हणून हे नाव. बैलांच्या नाकास फेस येऊन जे पाणी वर येई, ते मोकाट सोडण्याची कोणास छाती होत नसे. आता कळ दाबली की पाणी येते. त्यातून वीज रात्रीची! शेतकरी पंपास ऑटोस्विच लावून झोपतो, आणि पाणी उसाच्या सऱ्या भरून, बांध फोडून ओढ्यास लागते. यात त्याचा सगळाच दोष नाही. मध्यरात्री विंचूकाट्यांत दारे धरावयास जा म्हणणे सोपे असते. पण परिणाम मिरज, वाळवे, पलूस या भागांत डोळ्यांनी दिसतो. अतिपाण्याने भूजल वर येते, आपल्याबरोबर क्षार आणते, आणि काळीभोर जमीन पांढरी पडते. ठिबक, आळीपाळीने सरी भिजविणे, निदान दोन पाण्यांतील अंतर वाढवून पाहणे, यांपैकी जे झेपेल ते करावे. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी येरळेवर 1990 च्या सुमारास बळीराजा धरण उभारले, तेव्हा पाणी प्रत्येक कुटुंबास समान, भूमिहीनासही वाटा, असे ठरविले होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने 2016 साली पंचेचाळीस दिवस श्रमदान करून पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. अशा गावांत पाणी ही भावकीच्या बैठकीत बोलण्याची गोष्ट झाली, हेच मला विशेष वाटते.

आणि पाचट! ऊस तुटून गेला की त्याच संध्याकाळी शेतास काडी लावण्याची आपल्याकडे रूढीच आहे. गळिताच्या दिवसांत कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत आकाश काळवंडते आणि अंगणात वाळत घातलेल्या धोतरावर काजळीच्या तारा येऊन पडतात. शेतकऱ्याची कारणे मी ऐकली आहेत. पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, खोडव्याचे बुडखे छाटता येत नाहीत. ती खोटी नाहीत. परंतु एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते, आणि ते कुजविले तर जमिनीस सुमारे 40 ते 50 किलो नत्र, 20 ते 30 किलो स्फुरद व 75 ते 100 किलो पालाश मिळतो. पेटविल्यास यातील नत्र धुरावाटे जाते, मातीच्या वरच्या थरातील जीवजंतू भाजून निघतात, आणि पुढल्या महिन्यात तोच शेतकरी दुकानातून तेच नत्र पोत्याने विकत आणतो. फलटण तालुक्यात पाडेगाव येथे 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे; तेथील शास्त्रज्ञांची शिफारस अवघड नाही. पाचट सऱ्यांत दाबून बसवावे, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. खोडवा या आच्छादनाखाली कमी पाण्यावर येतो आणि तणही दबते. उंदरांचा प्रश्न पहिल्या वर्षी जाणवतो. तो सोसावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

मात्र एक अडचण आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेजाऱ्याने काडी लावली, तर आपण जपून ठेवलेले पाचट त्याच्याबरोबर पेटते, आणि मग बांधावरून जी भांडणे होतात ती तलाठ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून कारखान्याची तोडणी टोळी शिवारात येण्यापूर्वीच एका पट्ट्यातील चार-पाच खातेदारांनी एकत्र बसून यंदा कोणीही काडी लावणार नाही असे ठरवून घ्यावे, तोडीचा क्रम माहीत करून घ्यावा, आणि ज्याचा ऊस आधी तुटेल त्याच्या शेतात बाकीच्यांनी पाचट दाबावयास एक दिवस जावे.