पहाटेची पाळी

कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसास पहाटे चार वाजता जाग यावी, यात नोंद करण्याजोगे काही नाही. वार्धक्यात निद्रा अशीच लवकर ओसरते. परंतु बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीचे दीड महिन्याचे मूल, ज्याच्या देहात दिवस आणि रात्र यांची वाटणी व्हावयास अजून महिना-दोन महिने लागतील, तेही नेमके त्याच घटकेस डोळे टक्क उघडून पडलेले असावे आणि मधल्या वयाची सारी मंडळी गाढ झोपेत असावीत, ही निसर्गाची तजवीज मला मोठी मार्मिक वाटते.

मुलाचे दूध पिऊन झाले, त्याची ढेकर निघाली, की लेक अर्धवट झोपेतच ते माझ्या हवाली करते. रेडिओची पहिली सभा सुरू होण्यास पुष्कळ अवकाश असतो. कुंचीला आदल्या संध्याकाळच्या धुरीचा आणि वेखंडाचा वास असतो. या वयात मुलास ८ ते १२ इंचांवरचे तेवढेच नीट दिसते, म्हणजे मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा. भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरी त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. तेव्हा अखिल सृष्टीची मुखत्यारी काही काळ माझ्या दाढी वाढलेल्या मुखाकडे येते, आणि जमाबंदीच्या वेळी प्रांतसाहेब ज्या बारकाईने आमचे दप्तर तपासीत, त्याच बारकाईने ते मूल तो मुखवटा तपासते. तपासणीअंती अलीकडे ते हसू लागले आहे. झोपेत हसते ते सटवाई हसविते, असे घरातील स्त्रिया म्हणतात. हे जागेपणीचे श्रेय मात्र मी सटवाईस देण्यास तयार नाही.

याच मुलाच्या आईस मी असे निवांत घेऊन बसल्याचे स्मरत नाही. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमक्ष स्वतःचे मूल उचलून घेणे तरुण बापास शोभत नसे. तीर्थरूप ओसरीवर बसलेले असताना मूल रडले, तर बापाने वर्तमानपत्रात मान घालावी आणि आजोबांनी मूल खांद्यावर टाकावे, असा अलिखित दंडक होता, आणि त्या दंडकाची चांगली बाजू आता माझ्या वाट्यास आली आहे. आमचे जावई रविवारी येतात, ते चारचौघांत बेधडक मूल घेतात; पाहून बरे वाटते, क्वचित हेवाही वाटतो. परवा तर त्यांनी माझ्यादेखत लंगोट बदलला. मी वर्तमानपत्रात मान घातली, ती केवळ सवयीने.