ओळखपत्र आणि आपले खासगीपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सरकारी ओळखपत्रास विरोध करणारा मनुष्य काहीतरी लपवीत असला पाहिजे, असा समज आपल्या मंडळीतही आढळतो. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांना लपविण्यासारखे काय होते? तरीही २०१२ साली, वयाची ८६ वर्षे झाली असता, ते 'आधार'विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच याचिकेवरून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०१८ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी आधार टिकला खरा; परंतु बँकेचे खाते, दूरध्वनी व शाळाप्रवेश यांसाठी त्याची सक्ती न्यायालयाने अमान्य केली. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आपल्या महाराष्ट्रातलेच, हे जाता जाता सांगतो.

कुलूप बदलता येते. बोटांचे ठसे कसे बदलणार?

आता घरचेच पाहू. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवासाठी मंडळ केवळ गुणपत्रिका मागविते. पालक मात्र, कोणी न मागता, आधारची प्रतही जोडतात. त्या प्रती कार्यालयाच्या कपाटात साचतात, आणि कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते हे चिटणीसांनाही सांगता येईल किंवा नाही, याची आम्हांस शंका आहे. (हशा.)

यंदाचा समारंभ उरकताच ती रास फाडून टाकावी व पुढील वर्षापासून अशी प्रत आल्यास पालकांस परत करावी, अशी सूचना आम्ही मांडीत आहोत. अनुमोदक पाहिजे.