आरोग्यसेविकेची पाठराखण

गोव्याच्या उत्तर सीमेवरून तेरेखोल नदी वाहते. तिच्या अलीकडे पेडणे तालुका, पलीकडे सावंतवाडी. दोन्ही तीरांवरील माणसांच्या सोयरिकी एकमेकांत आहेत, जत्रा एक आहेत आणि आजारपणे तर एकच आहेत. तरीही आरोग्याच्या व्यवस्थेत या नदीने एक चमत्कारिक रेषा ओढली आहे. पलीकडच्या गावात 'आशा' या नावाने ओळखली जाणारी, त्याच गावची रहिवासी असलेली आरोग्य कार्यकर्ती घरोघर जाते. अलीकडच्या गावात ती नाही. डिचोलीहून दोडामार्गाची वेस ओलांडणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. 2005 साली सुरू झालेली आशा योजना पुढे देशातील इतर राज्यांत पसरली. गोव्याने मात्र ती स्वीकारली नाही.

यात गोव्याने काही अविचार केला, असे म्हणता येणार नाही. राज्य लहान, रस्ते बरे, उपकेंद्रे फार दूर नाहीत आणि प्रसूती बहुतेक सर्व रुग्णालयातच होतात. बाळंतिणीला रुग्णालयात नेणे हे आशाचे आरंभीचे मुख्य काम. ते जिथे आधीच साधले आहे, तिथे वेगळी कार्यकर्ती कशाला, हा प्रश्न वाजवीच होता. कासारवर्णे, मये, साखळी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या हाताखालील उपकेंद्रांतील परिचारिका हे काम सांभाळीत आल्या. जोडीला अंगणवाडीच्या बाई होत्याच.

परंतु रोगाने आपला वेश बदलला आहे. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळच्या खालोखाल गोव्यात होते. लहान मुले वाचली, माणसे दीर्घायुषी झाली. आता घराघरांत मधुमेह, रक्तदाब, एकाकी म्हातारपण, दारू आणि मनाचे आजार यांनी ठाण मांडले आहे. डिचोली तालुक्याने 2012 साली खाणी एकाएकी बंद पडलेल्या पाहिल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे करून बसलेल्या कुटुंबांची काळजी आणखी वाढली. अशा घरातील माणूस डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन आरोग्य केंद्रात येतो आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातो. त्याचे खरे दुखणे विचारायला डॉक्टरांना सवड नसते, आणि विचारावे कसे हे परिचारिकेला कोणी शिकविलेले नसते.

इथेच गावपातळीवरील आरोग्यसेवकाच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो त्याहून जुना आहे. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या अमलाखाली आलेले. 1842 साली पणजीस वैद्यकीय शाळा निघाली. तिच्यातून बाहेर पडलेले कित्येक वैद्य पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत नोकरीस गेले. दूरच्या वाड्यांवरील रोगी मात्र दीर्घकाळ गावचा वैद्य, सुईण आणि देवाचा कौल यांच्याच आधारावर राहिला. 1961 च्या मुक्तीनंतर चित्र झपाट्याने पालटले. त्याच पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर 1963 साली पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षी त्या जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले. इमारती उभ्या राहिल्या, माणसे नेमली गेली. नेमलेल्या माणसाचे शिक्षण कधी संपते, हा विचार मात्र इथे काय आणि देशात काय, फारसा झाला नाही.

एक जुने उदाहरण बोलके आहे. 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची मोठी योजना सुरू केली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस निवडावा, त्याला तीन महिने शिकवावे, त्या काळात महिना 200 रुपये विद्यावेतन द्यावे, आणि पुढे महिना 50 रुपये मानधन व औषधांची पेटी देऊन त्याला गावात पाठवावे, अशी ती व्यवस्था. कल्पना थोर होती. तीन महिन्यांचे शिक्षण हेही काही थोडे नव्हे. पण शिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचे कोण होते? औषधांची पेटी रिकामी झाली की ती भरायला विलंब, शंका आली तर विचारावे कोणाला हे ठाऊक नाही, आणि आरोग्य केंद्रात गेला तर तिथले कर्मचारी त्याला आपल्यातला मानीत नाहीत. निवडलेले बहुतेक पुरुष होते. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. योजनेचे नाव पालटून 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' असे झाले. नावाने काय व्हायचे? हळूहळू ती विरून गेली.

त्याच दशकात, त्याच महाराष्ट्रात, जामखेडला निराळे घडत होते. रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली तिथे काम मांडले आणि गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्यांना एकदा शिकवून सोडून दिले गेले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, आपापल्या गावातले अनुभव सांगत, एकीची अडचण दुसरी सोडवी, आणि नवा धडा घेऊन परत जात. वर्षानुवर्षे हे चालले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आरोग्यदूतांना नवजात अर्भकाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले. त्या कामाचा वृत्तान्त 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेने 62 टक्क्यांनी उतरले होते. अल्पशिक्षित बाई जंतुदोषाने आजारलेल्या अर्भकाला इंजेक्शन देऊ शकते, हे ऐकून पुष्कळांनी कानांवर हात ठेवले. ते शक्य झाले ते पाठ्यपुस्तकामुळे नव्हे. तिच्यामागे नियमाने गावात येणारा, तिचे काम पाहणारा आणि चुकले तिथे शांतपणे दाखवून देणारा निरीक्षक उभा होता.

हे उदाहरण मनात ठेवून गोव्याकडे पाहिले तर अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आढळते. 1996 साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने मनाच्या आजारांवर सामान्य शिक्षण झालेल्या माणसांकडून उपचार करवून पाहिले. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'मानस' नावाचा पहिला मोठा प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या समुपदेशकांना दोन महिने शिक्षण देऊन बारा सरकारी केंद्रांत व बारा खाजगी दवाखान्यांत त्याची पारख करण्यात आली. काही ठिकाणी समुपदेशक होते, काही ठिकाणी नव्हते. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांत सुमारे 66 टक्के रोगी बरे झाले. नव्हते तिथे सुमारे 43 टक्के. गंमत अशी की, खाजगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. तिथला डॉक्टर बहुधा घरोब्याचा असतो, विचारपूस करतो. समुपदेशकाचे काम तो न कळत करीतच असतो. सरकारी केंद्रातील रोग्याला औषधाइतकीच ऐकून घेणाऱ्या माणसाची वाण होती, असा याचा अर्थ घेतला तर तो फारसा चुकणार नाही.

त्यानंतरचा प्रयोग अधिक सोपा आणि म्हणून अधिक मोलाचा. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याने पीडलेल्या 495 रोग्यांवर तो झाला. उपचार असा, की मनाला उभारी येईल तेव्हा काम करू असे म्हणत बसू नये. आधी हाताला लहानसे काम द्यावे, मन मागून येते. अंगणात झाडाला पाणी घालणे, शेजारणीकडे जाऊन बसणे, देवळात जाणे, असे ज्याचे त्याला झेपेल ते. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्यापाऊण तासाची. तीन महिन्यांनंतर ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यातील 64 टक्क्यांचे नैराश्य ओसरले होते, इतरांतील 39 टक्क्यांचे. दारूच्या आहारी जाणाऱ्या 377 पुरुषांवरही अशाच धर्तीचा प्रयोग झाला. तिथे यश अर्थातच कमी. 36 टक्के विरुद्ध 26 टक्के. काजूच्या हंगामात ज्या गावात भट्ट्या पेटतात आणि हुर्राकाचा वास वाऱ्यावर येतो, त्या गावात शंभरांतले दहा अधिक पुरुष दारूच्या घातक सवयीपासून मागे फिरले, तर त्या दहा घरांतील बायकामुलांना विचारावे की ही संख्या लहान की मोठी.

हे समुपदेशक कोण होते? दहावी किंवा त्याहून अधिक शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे. वर्गातले शिक्षण आटोपले ते दोन-तीन आठवड्यांत. खरे शिक्षण त्यानंतरचे. रोग्याच्या संमतीने भेटीचे ध्वनिमुद्रण होई. आठवड्यातून एकदा सारे समुपदेशक एकत्र बसत, एकाच्या भेटीचे मुद्रण सर्वांनी ऐकावे आणि ठरलेल्या मापाने प्रत्येकाने गुण द्यावेत. रोग्याला बोलू दिले का? उपदेश केला का? पुढच्या भेटीसाठी त्याने काय करायचे हे दोघांनी मिळून ठरविले का? आरंभी तज्ज्ञ शेजारी बसत. पुढे सभा समुपदेशकच चालवू लागले. अनुभवाने असे दिसले की सरावानंतर त्यांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि गावे असंख्य, अशा देशात ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे सांगायला नको.

आता याच्या शेजारी उपकेंद्रातील परिचारिकेचा दिनक्रम ठेवून पाहावा. तिच्या वाट्याला नोंदवह्या येतात, लसीकरणाचे दिवस येतात, मोबाइलवर भरायची माहिती येते. वरिष्ठ येतात ते नोंदी पाहायला. तपासणी आणि पाठराखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या कारभाराच्या फारसे ध्यानात आलेले नाही. तपासणी करणारा वही मागतो. पाठराखण करणारा तिच्याबरोबर त्या घरी जातो, जिथे म्हातारा औषध घ्यायला नकार देतो, आणि दोघे मिळून काय करावे ते ठरवितात. प्रशिक्षणासाठी तिला शहरातल्या सभागृहात बोलावतात, दिवसभर भाषणे होतात, भोजन होते, प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच उपकेंद्रात एकटी. अशा शिबिरांवरचा खर्च निम्मा केला आणि तो पैसा महिन्यातून दोनदा एका अनुभवी परिचारिकेला वाडीवाडीवर पाठविण्यात घातला, तर काही बिघडणार नाही.

माकडतापाने हाच धडा वेगळ्या रीतीने दिला. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यात 2015 साली आणि दोडामार्ग भागात 2016 साली या तापाने माणसे दगावली. रानातील गोचिडांमुळे पसरणारा हा आजार. काजूच्या बागांत वावरणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. रानात माकड मरून पडलेले दिसले की ते धोक्याचे पहिले चिन्ह. ते कोणाला दिसते? पणजीच्या कार्यालयाला नव्हे. ते दिसते काजू गोळा करणाऱ्या बाईला, आणि ती बोलते ओळखीच्या परिचारिकेशी किंवा अंगणवाडीच्या बाईंशी. त्या बाईंना याचा अर्थ कळला पाहिजे, आणि त्यांनी केलेला दूरध्वनी कोणीतरी उचलला पाहिजे. पहिले काम शिक्षणाचे, दुसरे पाठराखणीचे. दोन-तीनदा सांगूनही कोणी आले नाही, की चौथ्यांदा ती सांगत नाही.

मोबदल्याचा प्रश्नही टाळून चालायचा नाही. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा कार्यकर्त्यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यांना कामाच्या मानाने पुरेसा मोबदला द्यावा, लेखी करार करावा आणि केवळ किंवा मुख्यतः कामागणिक बक्षिसावर त्यांना ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. 2022 साली त्याच संघटनेने भारतातील आशांचा जागतिक गौरव केला. गौरवाने समाधान होते, पण चूल पेटत नाही. महाराष्ट्रात त्यांना मोबदल्यासाठी रस्त्यावर यावे लागले, हे सर्वांनी पाहिले आहे. गोव्याला पुढेमागे गावची कार्यकर्ती नेमावयाची झाली, तर शेजाऱ्याच्या या अनुभवाचा उपयोग करून घेता येईल. उशिरा येणाऱ्याला एवढी तरी सवलत असते.

अशी कार्यकर्ती काय करू शकते याचा एक नमुना गोव्यातच होऊन गेला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची घरी शुश्रूषा करणाऱ्या 81 कुटुंबांबरोबर अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम 2008 साली प्रसिद्ध झाले. थोडे दिवस शिकविलेल्या सल्लागार बाया त्या घरी जात. त्यांच्यामागे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ उभे होते. स्मृतिभ्रंश पुरता बरा करील असे औषध त्यांच्यापाशी नव्हते, कोणापाशीच नाही. आई एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारते ती हट्टाने नव्हे, हे त्या सुनेला समजावून सांगत. रात्री ती उठून दाराकडे जाते तर काय करावे, न्हाऊ कसे घालावे, हे दाखवीत. आणि घरातल्या इतरांना थोडा भार उचलायला लावीत. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा म्हातारीचा आजार होता तसाच होता, पण शुश्रूषा करणारीच्या मनावरचे ओझे हलके झाले होते. ज्या घरांतील तरुण माणसे सकाळच्या बसने म्हापसा-पणजीला कामाला जातात आणि दिवस उतरताना परततात, अशी घरे पेडण्यात काय, डिचोलीत काय, वाडीवाडीवर आहेत. दुपारी तिथे म्हातारी आणि तिची सून अशी दोघीच असतात.