पाथर्डीची चाचणी



लिनक्ससाठी पॅकेज बांधताना कोणते ऐच्छिक फीचर चालू ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हा प्रश्न बाहेरून कोरडा वाटतो. पण आपण ज्या शहरात जमलो आहोत त्याच्या नावावरच तो तपासून पाहता येतो. ‘अहमदनगर’मध्ये काना, मात्रा, वेलांटी काही नाही, जोडाक्षरही नाही, सुटी अक्षरे ओळीने मांडली की शब्द बरोबर उमटतो. २०२४ मध्ये नाव ‘अहिल्यानगर’ झाले आणि दुसऱ्याच अक्षरापाशी अडचण आली. युनिकोडमध्ये वेलांटी ‘ह’नंतर साठवलेली असते, काढायची मात्र ‘ह’च्या आधी, शिवाय ‘ल’ आणि ‘य’ जोडायचे. हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते. चित्रावर मजकूर उमटवणाऱ्या इमेजमॅजिकला किंवा पायथनच्या पिलोला ती रक्म नावाच्या दुव्यातून मिळते, आणि हा दुवा कंपाईल करताना ऐच्छिक आहे. तो गाळला तरी प्रोग्राम थांबत नाही, कुरकुरतही नाही. वेलांटी ‘ल’वर जाऊन बसते, ‘ल’चा पाय मोडलेला राहतो आणि प्रमाणपत्र छापून बाहेर पडते.

माझे म्हणणे एवढेच आहे की फीचर किती जण वापरतात किंवा किती जागा खाते, यापेक्षा ते नसल्याचे कोणाला आणि कसे कळते, हे आधी पाहावे. १८४२ मध्ये याच शहरातून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, तो काळ खिळ्यांच्या छपाईचा. जोडाक्षराचा खिळा केसमध्ये नसला तर उणीव जुळाऱ्याच्या हातालाच कळायची. आज ती पॅकेज बांधणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या रोमन मजकुराला काहीच होत नाही; कळते ती शेवटी वाचणाऱ्याला, आणि त्याच्या हातात दुरुस्ती नसते. चाचणी घेणारा मराठी असला तरी फसू शकतो. जिल्ह्याचे १४ तालुके घ्या: अकोले, नेवासा, राहुरी, पारनेर अशी दहा नावे रक्मशिवायही बऱ्यापैकी ठीक दिसतील, श्रीरामपूर, श्रीगोंदा, कर्जत आणि पाथर्डी बिघडतील. नोड जेएसचेही असेच होते. त्याच्या अधिकृत बिल्डमध्ये दीर्घकाळ फक्त इंग्रजीचा भाषा-डेटा असे. मराठीत तारीख मागितली की मुकाट्याने इंग्रजी मिळे. २०१९ मध्ये १३ व्या आवृत्तीपासून सर्व भाषांचा डेटा डिफॉल्ट झाला.

यावर सुरक्षेची बाजू मांडणारे जे म्हणतात ते हलके नाही. २०१४ चा हार्टब्लीड दोष ओपनएसएसएलच्या हार्टबीट या फीचरमध्ये होता. फारसे कोणी वापरत नसलेले हे फीचर डिफॉल्ट चालू होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीतले चोरदार उघडकीस आले. ओपनएसएसएचला मुळात त्या लायब्ररीची गरज नाही. डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंनी सिस्टिमडीला निरोप देण्याची सोय जोडली आणि तिच्या मागोमाग ती लायब्ररी आत आली. हा पुरावा मला मान्य आहे, आणि माझी कसोटी त्याला सोडूनही जात नाही. नेटवर्ककडे कान लावून बसणारे फीचर गाळले तर ज्याला ते हवे त्याला ताबडतोब कळते. तो वेगळे पॅकेज मागू शकतो. हार्फबझही अनोळखी फॉन्ट वाचते, तिच्यातही दोष सापडले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिथे जोखमीच्या बदल्यात अक्षर मिळते. ती जोखीम अपडेटने सांभाळावी, अक्षर काढून नव्हे.

जागेचा आक्षेप थोडक्यात आटोपतो. डेस्कटॉपवर मजकूर मांडणाऱ्या पँगो लायब्ररीमुळे हार्फबझ बहुधा आधीच असते, त्यामुळे बचत नगण्य. निवड वापरणाऱ्यावर सोडा, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. जेंटूत यूझ फ्लॅगने प्रत्येक जण आपल्यापुरते ठरवतो, कारण तो स्वतः कंपाईल करतो. डेबियनमध्ये एकाने बांधलेले सर्वांकडे जाते. तिथे स्वातंत्र्य द्यायचे तर पॅकेजे वेगळी करूनच. तेही कसे करू नये हे २०२४ मध्ये किपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या प्रकरणात दिसले. डेबियनच्या विकसनशील शाखेत नेटवर्क, ब्राउझर-जोडणी वगैरे काढलेल्या बिल्डला जुनेच नाव ठेवले आणि पूर्ण बिल्डला ‘फुल’ जोडून नवे नाव दिले. अपडेट करताच कित्येकांची ब्राउझर-जोडणी बंद पडली, मूळ लेखकांनी उघड नाराजी व्यक्त केली. विभागणी गैर नव्हती. पण जुन्या नावावर विसंबलेल्याला जुनाच माल मिळायला हवा होता. कात्री लावलेल्या बिल्डला नवे नाव देता आले असते. (नावे बदलण्याचा अनुभव या शहराला आहेच.)

म्हणून मराठी पॅकेजकारांकडे माझी मागणी लहान आहे. मजकूर काढणाऱ्या प्रत्येक पॅकेजच्या चाचणीत ‘पाथर्डी’, ‘श्रीगोंदा’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घालावेत, उमटलेले चित्र डोळ्यांनी पाहावे, आणि रफार किंवा जोडाक्षर सुटे दिसले तर बिल्ड नापास करावे. ‘अकोले’ लिहून पाहिले, एवढ्यावर भागणार नाही.