लेखकामागे त्याचे ग्रंथ

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लेखकाचे 'स्वतःचे ग्रंथ' दोन प्रकारचे असतात. एक, त्याने लिहिलेले. दुसरे, त्याने आयुष्यभर जमवलेले, समासात टिपणे करीत वाचलेले. लेखक गेल्यावर या दोहोंचे काय होते, हा आजचा विषय आहे.

ग्रंथाला अमर करणारी पहिली शक्ती म्हणजे समाजाची स्मृती. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत आक्रमणांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ते आठवणींतून पुन्हा उभे केले, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. हातोहाती उतरवून घेताना तिच्यात शिरलेले अपपाठ काढून शके 1506 मध्ये नाथमहाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे गेली; पण एका ग्रंथकर्त्याने दुसऱ्याचा ग्रंथ आपला मानला. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात ते हेच!

मुद्रणकला आली आणि ग्रंथ सुरक्षित झाले, असे आपल्याला वाटले. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे असतो. साने गुरुजी 1950 साली गेले. 2010 अखेर हक्काची मुदत संपली आणि 'श्यामची आई'च्या आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या. परंतु हे भाग्य लोकप्रिय ग्रंथाचे. ज्याची पाचशे-हजार प्रतींची एकच आवृत्ती निघाली, त्या व्यासंगी लेखकाचे काय? प्रकाशक पुनर्मुद्रण करीत नाही, कारण मागणी नाही. इतरांना करता येत नाही, कारण हक्क वारसांचा. वारसांना तर आपल्याकडे असा हक्क आहे याचीही अनेकदा कल्पना नसते. इकडे आम्लयुक्त कागद पिवळा पडतो, घडीवर तुटतो. साठ वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो, तेव्हा मुक्त करण्यासाठी प्रतच उरलेली नसते!

संग्रहाची कथा याहून करुण आहे. जुने घर पाडून सदनिका घ्यायची ठरली की पहिली गदा येते ती पुस्तकांच्या कपाटांवर. रद्दीवाला ग्रंथ वजनावर घेतो. समासातल्या टिपणांना तराजूत वजन नसते.

येथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आदर्श डोळ्यांपुढे येतो. 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिच्या स्वाधीन केला. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या इच्छेने! त्याच वास्तूत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य सुरू झाले आणि 1966 मध्ये पूर्णत्वास गेले. एका विद्वानाचे कपाट पुढच्या पिढ्यांची कार्यशाळा होऊ शकते ते असे. अर्थात संस्था झाली म्हणजे चिंता संपली असे नव्हे. जानेवारी 2004 मध्ये त्याच संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची नासधूस झाली. ज्ञानाचे रक्षण समाजाने डोळ्यांत तेल घालून करावे लागते.

मग आपण काय करावे? लेखकांनी हयातीतच आपल्या ग्रंथांची सूची करावी आणि संग्रह कोठे जावा हे लिहून ठेवावे. वारसांनी पुनर्मुद्रणाची आणि संगणकीय प्रतीची लेखी अनुमती मोकळ्या मनाने द्यावी. ग्रंथालयांनीही 'जागा नाही' हे उत्तर देण्यापूर्वी निदान दुर्मिळ ग्रंथ आणि टिपणे असलेल्या प्रती वेगळ्या काढून घ्याव्यात. यांतील कोणत्याही कामाला शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

प्रत्येक गावात असा एखादा लेखक होऊन गेलेला असतो. त्याच्या घरी एकदा जाऊन या, कपाट उघडून पाहा. रद्दीवाल्याच्या आधी आपण पोहोचलो, तर ऋषिऋणाचा एक अंश फिटला असे मी म्हणेन.