जमिनीखालची ऊब आणि वाढीव खोली



ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली बसलेल्या श्रोत्यांपुढे घर उबदार कसे ठेवावे यावर बोलणे म्हणजे थोडे धारिष्टच आहे. परंतु आज आपल्यापैकी अनेकांची मुले थंड मुलुखांत संसार थाटून आहेत. कोणी कॅनडात, कोणी अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत, कोणी जर्मनीत. तेथून कधी तरी निरोप येतो, ‘तुमच्यासाठी घराला एक खोली वाढवतो आहोत.’ त्या खोलीत हिवाळा सुखाचा जाईल की पांघरुणे गोळा करत जाईल, हे जमिनीखाली काय घातले आहे यावर पुष्कळदा ठरते. म्हणून हा विषय.

जमीन तापवून घर उबदार करण्याची कल्पना नवी नाही. रोमन लोक स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचलून धरीत आणि खालच्या पोकळीतून भट्टीतील तप्त वायू खेळवीत. कोरियात हीच विद्या घरोघर पोचली. तिला तेथे ‘ओन्डोल’ म्हणतात. स्वयंपाकघरातील चुलीचा धूर खोलीच्या फरशीखालच्या दगडी मार्गांतून जातो आणि पलीकडच्या धुरांड्यातून बाहेर पडतो. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार, तर लांबचा कोपरा थंड. तेथील रिवाज असा की उबदार जागा घरातील वडीलधाऱ्यांना किंवा पाहुण्यांना द्यायची. चूल एकच आणि धुराचा मार्ग एकच, तेव्हा आधीच्या दगडांनी ऊब घेतल्यावर उरेल ती पुढच्यांना, हा त्या व्यवस्थेचा स्वभावच होता. म्हणून दूरच्या खोलीला पुष्कळदा स्वतंत्र चूल ठेवीत.

या पद्धतीला एक घातक बाजूही होती. विसाव्या शतकात कोरियात लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या वड्या जाळू लागले. जमिनीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत शिरे, आणि झोपलेली माणसे पुन्हा उठत नसत. पुढे धुराच्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या आणि आग झोपण्याच्या खोलीखालून दूर गेली. आज कोरियातील उंच इमारतींतही अशाच नळ्यांची जमीन असते.

अमेरिकेत ही कल्पना रुजवण्यात फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाचा वाटा आहे. टोकियोत इंपीरियल हॉटेलच्या कामाच्या निमित्ताने असताना त्याने कोरियन धर्तीची एक खोली अनुभवली. पुढे 1937 साली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे जेकब्ज कुटुंबासाठी बांधलेल्या घराची जमीन त्याने नळ्यांनी तापवली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन वसले. तेथील हजारो घरांच्या काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या पुरल्या गेल्या. काही वर्षांनी त्यांतील कित्येक गळू लागल्या, आणि पुरलेली नळी दुरुस्त करायची तर जमीनच फोडावी लागते. 1968 च्या सुमारास जर्मनीत थॉमस एंगेल याने पॉलिइथिलीनचे रेणू एकमेकांत गुंफून चिवट प्लॅस्टिक तयार करण्याची रीत काढली. त्या प्लॅस्टिकची नळी गंजत नाही, वाकते, आणि सांध्यावाचून सबंध खोलीभर फिरते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. घरात अशी व्यवस्था आहे आणि शेजारी नवी खोली काढली आहे. तिला ऊब कशी द्यायची? सर्वांना प्रथम सुचतो तो उपाय असा, की शेजारच्या खोलीतील नळीचे टोक पुढे ओढून नव्या खोलीत फिरवावे आणि परत आणून जोडावे. काम स्वस्त आणि झटपट. परंतु ते फसते, आणि का फसते ते आपल्या शेतकऱ्याला पटकन समजेल. पाटाच्या शेवटी ज्याचे शेत आहे त्याला विचारा. वरच्यांची पिके भिजल्यावर उरेल ते पाणी त्याचे.

थोडा हिशेब करू. खोली 12 चौरस मीटरची धरा. नळीच्या दोन वळशांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवले तर 80 मीटर नळी लागते. 16 मिलिमीटर जाडीच्या नळीचा एक फेरा साधारण 100 मीटरांपलीकडे नेऊ नये असा कारागिरांचा दंडक आहे. जुन्या खोलीचे 80 आणि नवीचे 80, म्हणजे 160 मीटर झाले. शिवाय दोन खोल्यांना पुरेल एवढी उष्णता न्यायची तर त्या नळीतून दुप्पट पाणी ढकलावे लागते. लांबी दुप्पट आणि प्रवाहही दुप्पट झाला की घर्षणाचा विरोध सहापटीहून अधिक वाढतो. पंपाला ते पेलत नाही. तो जोर न लागणाऱ्या दुसऱ्या फेऱ्यांकडे पाणी पाठवतो, आणि नव्या खोलीत पोचते ते थोडे आणि निवलेले पाणी.

म्हणून नव्या खोलीला तिचा स्वतंत्र फेरा हवा. बंबाकडून आलेल्या मुख्य नळाला अनेक तोट्या असलेली एक पट्टी जोडलेली असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. प्रत्येक खोलीची नळी तेथून निघते आणि तेथेच परतते. तेथे एक तोटी शिल्लक असेल तर उत्तम, नसेल तर पट्टी वाढवावी. येण्याजाण्याचे 16 मीटर धरले तरी आपला फेरा 96 मीटरांत बसतो. मग पाण्याची वाटणी. आखूड फेऱ्यात पाणी सहज धावते, लांब फेऱ्यात अडते. त्यामुळे आखूड फेऱ्यांच्या चाव्या थोड्या आवळाव्या लागतात, म्हणजे लांबच्याला त्याचा वाटा मिळतो. पाटकरी चारीवर जे करतो तेच हे काम.

परंतु वाटा किती, हे आधी ठरले पाहिजे. वाढीव खोलीला बहुधा तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती असतात. घराच्या मधल्या खोलीपेक्षा ती अधिक उष्णता गमावते. समजा हिशेबाने दर चौरस मीटरला 60 वॉट, म्हणजे सगळ्या खोलीला 720 वॉट लागतात. पाणी फेऱ्यात 5 अंश निवते असे धरले तर मिनिटाला सुमारे 2 लिटर पाणी पुरते. खोली 20 अंशांवर ठेवायची तर जमीन साडेपंचवीस अंशांच्या आसपास राहते. पायांना ती तापलेली वाटतही नाही. युरोपीय मानकाप्रमाणे वावरण्याच्या जागेत जमीन 29 अंशांपलीकडे तापवू नये. त्या मर्यादेत 20 अंशांच्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे 100 वॉट मिळतात. तीन भिंतींना काचाच काचा लावल्या आणि गरज 130 वॉटवर गेली, तर केवळ जमिनीने भागणार नाही. भिंती सुधाराव्या लागतील किंवा भिंतीवर वेगळा तापक लावावा लागेल. जुना बंब एवढा जादा भार उचलेल काय, हेही तेव्हाच तपासावे.

शेवटी बांधकाम. नळीखाली आणि कोब्याच्या कडांना उष्णतारोधक थर हवा, नाही तर अर्धी ऊब बाहेरच्या मातीला जाईल. कोबा घालण्यापूर्वी नळीत दाब भरून ती गळत नाही याची खात्री करावी आणि कोबा पडेपर्यंत दाब तसाच ठेवावा. नळ्यांची छायाचित्रे काढून जपावीत, कारण पुढे कोणी तरी खिळा ठोकणारच. सिमेंटचा कोबा किमान 21 दिवस आळू द्यावा. त्यानंतर तीन दिवस 25 अंशांचे पाणी फिरवावे, मगच उष्णतामान वाढवावे. घाई केली तर कोबा तडकतो. आणि एवढे सगळे केल्यावर त्यावर जाड गालिचा अंथरू नये.

मित्रहो, हे सर्व लक्षात राहावे अशी अपेक्षा नाही. परंतु परदेशातून मुलाचा किंवा सुनेचा फोन आला, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. ‘खोली किती उष्णता गमावते, याचा हिशेब केला काय? तिला स्वतःचा फेरा आणि स्वतःची चावी आहे काय? कोबा घालण्यापूर्वी नळी तपासणार ना?’ मुले हसतील कदाचित. पण ती खोली त्यांनी आपल्या माणसांसाठी बांधायला घेतली आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पाटाच्या शेवटचे पाणी मिळावे, असे त्यांच्याही मनात नसते. ते न कळत घडते, आणि कोबा पडण्यापूर्वी विचारले तर टळते.