कुणाकडे आलात?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी बोललेल्यांनी रेशन, पोटगी, ग्रामसभा असे विषय मांडले. मी सहलीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आणि सुरुवातीलाच एक कबुली देते.

गेल्या जुलैत आम्ही पाचजणी खालापूर-कर्जत भागात पाच दिवस गाडीतच राहून हिंडलो. टेम्पो ट्रॅव्हलरच, पण आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी आणि छोटा संडास बसवलेला. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. भाडं वाटून घेतलं. चालवायला आमच्यातलीच एक होती, ती एरवी शाळेची बस चालवते. घाई करायची नाही, वाटेल तिथे थांबायचं, पक्षी-झाडं बघायची, एवढंच ठरलं होतं. पण घरी सांगताना पाचहीजणींनी एकच शब्द वापरला, ‘शिबिर’!

वीस-वीस वर्षं चळवळीत काढलेल्या बायका आम्ही. पण ‘मी फिरायला जातेय’ हे वाक्य काही तोंडातून निघेना. बाईच्या प्रवासाला कारण लागतं. माहेर, बाळंतपण, लग्न, मयत, देवदर्शन. आपण त्यात मोर्चा आणि शिबिराची भर घातली. पंडिता रमाबाईंनी आपलं अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत छापलं ते 1889 साली. त्यानंतर इतक्या वर्षांनी आमची ही गत!

पहिला मुक्काम चौकजवळ. समोर इर्शाळगड, ढगात बुडालेला. 19 जुलै 2023च्या रात्री याच डोंगराची दरड इर्शाळवाडीवर कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. गडावर जाणारे ट्रेकर या वाडीवरूनच जायचे. पावसाळी डोंगर बघायला आलेल्या आम्हांला त्या रात्री गाडीच्या टपावर पडणारा पाऊस ऐकवेना. डोंगर आमच्यासाठी देखावा होता, त्या माणसांचं ते घर होतं. पुढचे चार दिवस हे मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कर्जत, कशेळे करत पेठच्या किल्ल्याखाली आंबिवलीच्या बाजूला गेलो. आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली नि प्लॅस्टिकचे कागद. आम्ही एका घराच्या अंगणात, विचारून, गाडी लावली. ओढ्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. दुर्बीण काढून आम्ही तासभर तेच बघत बसलो. गंमत अशी की, मराठीत नाव सुगरण, पण खोपा विणतो तो नर. भाताच्या पातीचे दोरे काढून तो अर्धा खोपा करतो, मग मादी येऊन पाहणी करते. पसंत नसेल तर सरळ निघून जाते. तो बिचारा दुसरा विणायला घेतो! आपल्याकडे मात्र काम त्याचं असलं तरी ‘सुगरण’ म्हणून कौतुक करून चुलीशी बसवलं बाईलाच.

दुपारी आवणीवरच्या एक मावशी भाकरी खायला बांधावर आल्या. त्यांनी विचारलं, “कुनाकडं आल्या?”

“कुणाकडे नाही.”

“मंग कशाला?”

आमच्यातली एक सवयीने म्हणाली, “अभ्यासाला.” मावशींचा काही विश्वास बसला नाही. शेवटी मीच म्हटलं, “फिरायला आलोय. नुसतं फिरायला.” मोठ्यांदा पहिल्यांदा म्हटलं ते तिथे, परक्या बांधावर.

त्या हसल्या. “बरं केलं. आमी कर्जतला जातो ती बाजाराला, न्हाईतर दवाखान्यात.”

गाडी आतून बघायला बोलावलं. पाय खळखळून धुऊन आत आल्या. शेगडी बघितली, संडास बघितला. मग बिछान्यावर हात फिरवत म्हणाल्या, “दिसा आडवं झालं का घरात इचारतात, आजारी हाय का?” आम्ही म्हटलं, टेका जरा. ओलं लुगडं आहे म्हणत बसल्या फक्त, पाच मिनिटं. मग पुन्हा चिखलात उतरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच एक जाऊबाई खांडसहून भीमाशंकरच्या वाटेवर आम्हांला घेऊन गेल्या. त्यांचा दिवस मोडला, तेव्हा आवणीची मजुरी त्यांच्या हातात दिली. उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचं मोठं गाठोडं दाखवून म्हणाल्या, शेकराचं घरटं. पाऊस उघडला तेव्हा शेकरूही दिसलं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं. आपल्या राज्याचा हा प्राणी. पुस्तकात आम्ही बघितला होता, ओळखला त्यांनी. वाटेत टाकळा, भारंगी, कुरडू खुडून ओच्यात भरत होत्या. आमचं फिरणं आणि त्यांचं रात्रीचं कालवण, एकाच वाटेवर.

रात्री कुणीतरी गाडीवर थाप मारली. “पुरुषमाणूस कोण आहे बरोबर?” घरमालकीण कंदील घेऊन बाहेर आली. “माझ्या पावण्या हायेत,” म्हणाली. तो निघून गेला.

सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, 2023 साली महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण. चांगलं आहे. पण आम्हांला त्या रात्री धोरणापेक्षा तिचा कंदील उपयोगी पडला. आणि वाटेतला गाडीतला संडास. आपल्या किती बैठकांना बाया उपाशी, पाणी न पिता येतात, कारण रस्त्यात जायला जागा नसते, हे तुम्हांला सांगायला नको.

परतल्यावर आमच्यातल्या एकीने घरी खरं सांगितलं. दोन दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. बाकीच्या चौघींनी अजून सांगितलेलं नाही. त्यात मीही आहे, म्हणून आज हे तुमच्यासमोर बोलते आहे. इथून घरी जाईन तेव्हा सांगीन.

माझी सूचना साधी आहे. विश्रांतीचा हक्क आपण मागण्यांच्या यादीत घालतो, तो आपल्या दिनदर्शिकेतही घालू. वर्षातून एक सहल, तिला सहलच म्हणायचं. आणि पुढच्या खेपेला गाडीत दोन जागा आंबिवलीसाठी ठेवायच्या, त्यांच्या बुडणाऱ्या मजुरीसकट. त्यांना मी विचारलंय. आवणी संपल्यावर, म्हणाल्या, आणि समुद्र बघायचाय.